पोटासकट

माझ्या आईचा समोरचा एक दात नव्हता. तो वडिलांनी पाडला होता, पितळी तांब्यानं, मी दुसरीत असताना. भांडण मिठावरून सुरू झालं होतं. आई बोलता बोलता म्हणाली, "स्वतःचा बाप कोण ते तरी ठाऊक आहे का तुम्हाला?" तांब्या वडिलांच्या हातातच होता. दात परातीत पडला, कणकेत. आईनं तो उचलून बाजूला ठेवला, तोंडाला पदर लावला आणि कणीक मळून पोळ्या केल्या, कारण वडिलांची ड्यूटीची वेळ झाली होती. त्या पोळ्या मीही खाल्ल्या.

आईच्या प्रश्नाचं उत्तर आमच्या घरात कुणाकडेच नव्हतं, आणि पुन्हा विचारायची कुणाची हिंमत नव्हती. वडील काचीगुडा स्टेशनात रेल्वेचे खलाशी, म्हणजे अंगमेहनतीचे कामगार होते. नांदेडच्या पलीकडचं आपलं गाव सोडून मिसरूड फुटायच्या आत हैदराबादला आले, ते परत कधी गेले नाहीत. हात फार जड. मी जामबागेजवळच्या मराठी शाळेत चौथी पास झाले आणि पाचवीत जायचं म्हणाले, तेव्हा त्यांनी दार लावून घेतलं. माझा हात चौकटीत आहे हे त्यांना दिसत होतं. माझ्या डाव्या हाताचं एक बोट अजून वाकडं आहे. शाळा तिथंच संपली.

मला नवरा मिळाला तो मारणारा नव्हता. पिऊन झोपणारा होता. तो लवकर मेला आणि मी काचीगुड्याच्या त्याच घरात भावाकडे परत आले. तोवर वडील गेले होते आणि भावाचा हात सुरू झाला होता. भाऊ गेला, आता भाच्याचा चालतो. भाचा ऑफिसला टाय लावून जातो. त्याची बायको त्या हाताला कंटाळून निजामाबादला माहेरी निघून गेली, आणि त्यांची मुलगी माझ्याजवळ वाढली. मला ती आजी म्हणते. तिची ही गोष्ट. तिच्या लग्नासाठी मला माझ्या वडिलांचा बाप शोधावा लागला.

गेल्या वर्षी तिनं सांगितलं की तिच्या ऑफिसात एक मुलगा आहे, आपल्याच बाजूचा, आपल्यातलाच, आणि त्याचे आजोबा आपल्याला भेटायला येणार आहेत. मुलाचे आईबाप तो लहान असतानाच गेलेले. आजोबांनी वाढवलेला. "आजोबा नाही म्हणाले तर तो नाही करणार," ती म्हणाली. "पहिल्याच दिवशी सांगितलंय त्यानं मला."

"मग असल्या माणसाशी कशाला करतेस?"

"कारण तो खोटं बोलत नाही, आजी."

ते मला पटलं. मी दोघांना बोलावलं.

म्हातारा माझ्याहून थोडा मोठा असेल. पांढरं धोतर, काठी, हिरवट डोळे. बसायच्या आधी त्यानं सगळ्या भिंती बघून घेतल्या. मी चहा दिला, बशीत बिस्किटं ठेवली. भाचा दाराशी खुर्चीत बसला. मुलगा खाली मान घालून बसला होता. म्हातारा बशीत चहा ओतता ओतता म्हणाला, "देवक कंचं तुमचं?"

देवक म्हणजे लग्नाच्या मांडवात पुजतात ते कुळाचं झाड किंवा पान. दोन घरांचं देवक एक निघालं की ती भावकी, तिथं लग्न होत नाही. आमचं कळंब आहे. मी सांगितलं.

"आमचं पंचपालवी. जमतंय मग. गाव कंचं?"

मी गाव सांगितलं. आडनाव त्याला आधीच ठाऊक होतं. त्यानं बशी तोंडाशी नेली आणि तशीच खाली ठेवली. चहा थोडा धोतरावर सांडला.

"त्या बाईचा ल्योक हिकडं हैदराबादेत पळून आलता म्हनं. तो तुमचा कोन?"

"माझे वडील."

म्हातारा मग जे बोलला ते मी पहिल्यांदा ऐकत होते. त्याच्या चुलत्याला शेजारच्या शेतकऱ्यानं विहिरीवर डोकं फोडून मारलं होतं. भांडण बांधाचं. प्रेत विहिरीत टाकून दिलं आणि पाय घसरून पडला म्हणून सांगितलं. वर्ष फिरायच्या आत चुलत्याच्या विधवेनं त्याच शेजाऱ्याशी म्होतूर लावला, म्हणजे विधवेचं दुसरं लग्न, आमच्यात चालायचं ते. त्या घरात तिला मुलगा झाला. ते माझे वडील. आमचं आडनाव आणि आमचं देवक त्या शेजाऱ्याचं होतं.

"आता आईक बाई," म्हातारा म्हणाला. "तुझा बाप माझ्या चुलत्याचा असंल, तर ही पोरगी आमच्या घरची लेक. लेकीची सून करत नसतेत. आन् त्या खुन्याचा असंल, तर ती वैऱ्याची नात. वैरी चालंल मला. वैर सोयरिकीनं मिटतंय. भावाबहिनीचं लगीन कशानंच मिटत नसतंय."

नात मध्येच म्हणाली, "आजोबा, टेस्ट असते त्याची. नळीत थुंकायचं, लॅबला पाठवायचं. आम्ही दोघं करतो. एका महिन्यात कळेल."

म्हातारा मुलाकडे वळला. "थुंकून बाप कळतो व्हय रे?"

"कळतो, आजोबा."

"मग आजवर लोकं उगंच इतकी भांडली की!"

मुलाला हसू आलं. मलाही. म्हातारा हसला नाही. नात म्हणाली, "तुमच्या चुलत्याला जाऊन जवळजवळ शंभर वर्षं झाली. इतक्या लांबचं नातं कायद्यात मोजतच नाहीत. आणि नाहीच पटलं तर आम्ही रजिस्टर करू शकतो."

म्हातारा काठी टेकत उठला. "कर की. ह्याला घेऊन कर. मी मेलो म्हनून ह्यानं आधी डोस्कं भादरावं, मंग करावं." दारात थांबून माझ्याकडे बघून म्हणाला, "ज्याचा असंल त्याचा सांग. पर मानसाच्या साक्षीनं सांग, थुंकीच्या न्हाई. तुझ्या मनचं नको."

ते गेल्यावर भाच्यानं तिला थोबाडीत मारली. मोठ्या माणसासमोर तोंड वर करून बोलली म्हणून. ती भिंतीवर आपटली, कानातलं निघून खाली पडलं. दुसरी बसायच्या आत मी त्याच्या मनगटावर लाटणं घातलं. हाड मोडलं नाही, पण पंधरा दिवस त्याला टायची गाठ मारता आली नाही.

"आत्या, वेडी झालीस का?"

"अजून नाही. पुन्हा हात उचल, मग होते."

नंतर मी खाटेवर पडून विचार केला, तेव्हा मला काही शोधायची गरजच वाटेना. खुनी कोण आणि आम्ही कोण, हे मी तीन पिढ्यांच्या हातांत बघितलं होतं. माझ्या वडिलांचा हात, भावाचा हात, भाच्याचा हात. असले हात कुठून येणार? डोकं फोडणाऱ्याकडूनच. आणि माझा लाटण्याचा हातही त्यातलाच. शिवाय ते उत्तर सोयीचं होतं. खुन्याची नात म्हातारा करून घेणार होता.

मी मुलाला फोन करून म्हाताऱ्याला द्यायला सांगितलं. म्हणाले, "खुन्याचाच होता माझा बाप."

"कशावरनं?"

"मारायचा."

"मारत कोन नसतंय? माझा बाप बी मारायचा. साक्ष आन."

साक्ष एकच उरली होती. माझ्या वडिलांची बहीण, आईकडून सख्खी. आजीला त्या शेजाऱ्यापासून झालेली. माझी आत्या. नव्वदीच्या पुढची, पण जिवंत आहे हे मला ठाऊक होतं. वडिलांच्या दहाव्याला ती एकदा काचीगुड्याला आली होती. त्यांच्या फोटोपुढं बसली, रडली नाही, जेवली आणि गेली. ती मला आवडली होती.

आम्ही दोघी सकाळच्या गाडीनं निघालो. नांदेडला उतरून जीपनं तिच्या सासरच्या गावाला. नात कधी त्या बाजूला गेलेली नव्हती. जीपमध्ये शेजारच्या बाईनं तिला विचारलं, "कुणाच्यात चाललीस, माय?" ती म्हणाली, "ते अजून फायनल नाही." मी तिला कोपरानं ढोसलं.

आत्या ओसरीवर खाटेवर बसली होती. डोळे गेलेले. तंबाखू मळत होती. मी पाया पडले आणि नाव सांगितलं. तिनं माझ्या तोंडावरून हात फिरवला, नाकाशी थांबली.

"भावाचं नाक हाय. ही दुसरी कोन?"

"त्याची पणती."

"लग्नाची दिसायलीय. उगंच कोन येतंय हिकडं." तिनं तंबाखू तोंडात टाकली. "इचार काय इचारायचं ते. सूनबाई रानात गेलीय तवर."

मी लपवाछपवी न करता विचारलं. माझा बाप कुणाचा?

ती उत्तर द्यायच्या ऐवजी म्हणाली, "त्यो तुमाला मारायचा का गं?"

"रोज." मी माझं वाकडं बोट तिच्या हातात दिलं. तिनं ते चाचपलं.

"आसं? मंग शिकला कुठनं? आमच्या घरात त्याला कुनी बोट लावलं नव्हतं."

ती म्हणाली की तिच्या बापानं, म्हणजे त्या शेजाऱ्यानं, घरातल्या सगळ्यांना झोडपलं. बैलाच्या चाबकानं. तिनं लुगडं गुडघ्यापर्यंत सरकवलं. पोटरीवर पांढरा वळ होता, दोरीसारखा. तिच्या धाकट्या भावाचा त्यानं कान फोडला. गड्यांना मारलं, बैलांना मारलं. एकदा चिंचेच्या झाडाला मारलं, फळ धरत नाही म्हणून. पण माझ्या वडिलांच्या अंगावर त्यानं एकदाही हात टाकला नाही. त्यांनी पेरणीचं बी सांडलं तरी नाही.

माझा हिशेब तिथंच उलटा झाला. मी म्हटलं, "म्हणजे तो मेलेल्याचाच मुलगा. ज्याला मारलं त्याचं पोर. तुझा बाप त्या मेलेल्याच्या भुताला भीत असेल."

आत्या इतकी हसली की तंबाखूचा ठसका लागला. नातीनं पाणी आणून दिलं.

"भुताला नाही गं बाई. आईला. माझ्या आईला भीत होता त्यो."

मग तिनं सांगितलं. तिला ते तिच्या आईनंच सांगितलं होतं, पहिल्या बाळंतपणाला माहेरी आलेली असताना, कारण आत्याचा नवरा तिला मारत होता आणि काय करावं असं आत्यानं आईला विचारलं होतं.

माझ्या आजीचा पहिला नवरा तिला गाडीच्या चाकाला बांधून मारायचा. शेजाऱ्याशी बोलते, या संशयावरून. बोलत होती की नाही, ते आत्याला ठाऊक नाही. एके दिवशी विहिरीवर, आजीला दिवस गेलेले कळल्यावर, तो म्हणाला की हे माझं नाही, आणि त्यानं तिच्या पोटात लाथ घातली. ती पडली. त्यानं दुसरी घातली. विहिरीचे दगड उकरायची लोखंडी पहार तिथंच पडली होती. ती उठली तेव्हा पहार तिच्या हातात होती.

"एक घाव बसला, त्यो बसला खाली," आत्या म्हणाली. "तिनं मंग थांबावं का न्हाई? न्हाई थांबली. डोस्क्याचं काई राहिलं न्हाई म्हनं."

नातीनं माझा दंड घट्ट धरला.

शेजारी आपल्या रानात पाणी देत होता. आवाज ऐकून आला. त्यानं बघितलं, पाय धरून प्रेत विहिरीत लोटलं, पहार मागोमाग टाकली आणि तिला म्हणाला, तू घरी जा. गावात कुजबुज झाली तेव्हा संशय शेजाऱ्यावर आला आणि त्यानं तो येऊ दिला. गड्यानं गडी मारला तर बांधाचं भांडण, लोक समजून घेतात. बाईनं नवरा मारला म्हटलं असतं तर तिला कडब्यात घालून पेटवली असती. आत्यानं ते असं सांगितलं जसं कुणी पाऊसपाण्याचं सांगावं.

"मग त्याचं तिच्यावर मन होतं," नात म्हणाली.

"आसंल. न्हाई तर जमिनीवर आसंल. तिच्या नावची पट्टी हुती बांधाला लागून."

मी पुन्हा माझ्या प्रश्नावर आले. "मग पोट कुणाचं होतं?"

तिनं तोंडातली तंबाखू थुंकली आणि सरळ होऊन बसली. म्होतुराला पाच माणसं बसत. गरोदर विधवा असली की तिला करून घेणाऱ्याला ते एक विचारायचे. पोटासकट घेतोस का पोट सोडून? पोट सोडून म्हणाला तर मूल दूध तुटलं की मेलेल्याच्या भावकीत परत जायचं, त्यांचं नाव, त्यांचं देवक. पोटासकट म्हणाला तर ते घेणाऱ्याचं. मग कुणी कधी काही बोलायचं नाही. पाच माणसांचं ऐकलेलं म्हणजे देवानं ऐकलेलं.

"माझा बाप म्हनला, पोट सोडून."

"अरे!" नातीच्या तोंडून गेलं.

"आई त्याच्या बगलेत बसलेली. डोक्यावरनं पदर. तिनं हळू म्हनलं, त्याला एकट्याला आईकू जाईल आसं. म्हनली, रानात दुसरी बी पहार हाय." आत्यानं खाटेच्या दोरीवर बोटं आपटली. "मंग त्यो म्हनला, चुकलं माझं, पोटासकट. आन् त्या दिसापासनं त्या पोराला कुनी हात लावला न्हाई. कोन लावंल?"

"पण खरंच कुणाचं होतं, आत्या?"

"मी बी इचारलं हुतं. तिनं थोबाडीत दिली. म्हनली, माझं. आनिक कुनाचं आसनार?"

एवढीच साक्ष. वडिलांच्या जन्माचं मला त्याहून जास्त काही कळलं नाही, आणि त्या नळीचं नाव नातीनंही पुन्हा काढलं नाही. मला राग आला, तो आजीचा नाही, वडिलांचा. ज्या माणसाला लहानपणी एक चापट बसली नव्हती, त्यानं आईचा दात पाडला. मला इतकी वर्षं वाटायचं, मार खाल्ला असेल म्हणून मारतो, किंवा रक्त तसलं असेल म्हणून मारतो. दोन्ही खोटं निघालं. त्याला मारायचं होतं म्हणून त्यानं मारलं.

निघताना मी आत्याला विचारलं, "तुझ्या नवऱ्याचं काय झालं मग?"

"काई न्हाई. मी घरी जाऊन त्याला ह्योच किस्सा सांगितला. त्या दिसापासनं लई गुनाचा झाला."

म्हाताऱ्याचं गाव, म्हणजे माझ्या वडिलांचंही, जवळच होतं. मुलगा आमच्या आधी तिथं पोहोचला होता. म्हातारा लिंबाखाली बाजेवर बसला होता. वाटेत जीपमध्ये नातीनं माझ्या कानाला लागून मला पढवलं होतं. "एवढंच सांग, आजी. पोटासकट घेतलं. रूल क्लिअर आहे, आपण शेजाऱ्याचे. कुणी मारलं ते नको सांगू. प्लीज. त्यांना वाटतं ते वाटू दे."

मी हो म्हटलं नव्हतं.

मी म्हाताऱ्याला पोटासकटचं सांगितलं. त्याचा चेहरा लाल झाला. तो ओरडला, "लबाड हाय! पाचांत माझा आज्या बसला हुता. पोट सोडून म्हनला त्यो. आज्यानं सोताच्या कानानं आईकलं. आमचं पोर त्यांनी चोरलं. शंभर वर्सं आमी आमचं पोर गेलं म्हनून बोंबलतोय!"

"आधी सोडून म्हणाला. मग बदललं."

"का बदलंल? कोन बदलतंय पाचांसमोर?"

याला उत्तर द्यायचं तर सगळंच सांगावं लागत होतं. नात मान हलवत होती, नको, नको. मी सांगितलं. चाक, लाथ, पहार, डोक्याचं काही न राहिलेलं. आणि दुसरी पहार. सांगताना आवाज खाली घेतला नाही. आसपासची दोन बायामाणसं भांडी घासायची थांबली.

म्हाताऱ्यानं काठी उचलली. मला वाटलं, मारतो. मुलगा मध्ये आला आणि काठी त्याच्या खांद्यावर बसली, खाडकन. मुलानं ती धरली नाही, ओढली नाही, नुसता उभा राहिला. म्हाताऱ्यानं पुन्हा मारली. तिसऱ्यांदा उचलली आणि मग ती त्याच्या हातातून आपोआप खाली आली.

तो धापा टाकत बाजेवर बसला. मग म्हणाला, "सोताच्या आजीला खुनी म्हननारी बाई लबाड नसती. कोन म्हनंल उगंच?" आणि थोड्या वेळानं, "पोटात लाथ घातली?"

"दोन."

"हे आमच्यात कुनी सांगितलं न्हाई."

"तुमच्यात कोण सांगणार?"

मला वाटलं मिटलं. पण त्याच्या मनात अजून होतं. त्यांच्या शेतात त्या चुलत्याचा शेंदूर फासलेला दगड होता. घरात कुणी आजारी पडलं, विहीर आटली, की त्या दगडाला बकरं द्यायचे. म्हातारा म्हणाला, "आमी वैरी चुकीचा धरला. म्हनूनच त्यो इतकी वर्सं शांत होईना. आता खरा कळला. त्या बाईच्या रक्तानं सोताच्या हातानं त्याला बकरं द्यावं. मंग वैर मिटलं. मंग मी साखर वाटतो." आणि काठीनं नातीकडे दाखवलं.

"मी?" नात म्हणाली. "मी अंडंसुद्धा खात नाही!"

"खायला कोन सांगतंय? काप."

"मी कापणार नाही. आणि त्याची माफी तर मुळीच मागणार नाही. त्यानं प्रेग्नंट बाईला लाथ मारली."

मुलगा म्हणाला, "आजोबा, मी कापतो तिच्या वतीनं."

"तू आमचा. तुझा हात काय कामाचा?"

नात मुलाकडे बघत होती, मुलगा म्हाताऱ्याकडे. एक मिनिट तसंच राहिलं असतं तर ती जीपकडे चालू लागली असती, आणि तो तिच्या मागं गेला नसता. तो खोटं बोलत नव्हता, हीच अडचण होती.

मी म्हटलं, "मीही त्याच बाईची नात आहे. हिच्यापेक्षा जवळची. मी कापते."

"बायका कापत नसतेत."

"बाईनं माणूस फोडला तेव्हा कुणी विचारलं होतं का? बकऱ्याला कशाला विचारता?"

 म्हाताऱ्यानं हो म्हणून मान हलवली आणि बकरं आणायला सांगितलं.

दगड शेताच्या कडेला होता, गुडघ्याएवढा. बकरं काळं होतं, कपाळावर पांढरा ठिपका. त्यांच्यात कापायला मुलाणी येतो, पण त्या दिवशी त्याला बोलावलं नाही. मला कुऱ्हाड दिली. ती मला वाटली त्यापेक्षा हलकी होती. दोन गड्यांनी बकऱ्याचे पाय धरले. मी पदर खोचला आणि मारली.

पहिला घाव खांद्यावर गेला. बकरं माणसासारखं ओरडलं. दुसरा मानेवर बसला, पण अर्धाच. रक्त माझ्या तोंडावर उडालं, गरम होतं. गडी म्हणाले, सोडा आजी, आम्ही करतो. म्हातारा ओरडला, "हात लावू नका कुनी!" तिसऱ्या घावात मान गेली. मी आणखी एक मारला. आणखी एक. मेलेल्या जनावरावर.

"बास, बाई," म्हातारा म्हणाला. "मेलं ते."

मी थांबले. मला काही पुण्य लागलं असं वाटलं नाही, पाप लागलं असंही नाही. दंड दुखत होता. दगडाकडे बघून मी हात जोडले नाहीत आणि म्हाताऱ्यानंही जोडायला सांगितलं नाही. मागं वळून बघितलं तर नात बांधावर ओकत होती आणि मुलगा तिचे केस मागं धरून उभा होता. ती उठली, तोंड पुसलं, माझ्याकडे बघितलं आणि एक पाऊल मागं सरकली. मला ते दिसलं. तिच्या जागी मी असते तर मीही सरकले असते.

"घरी जाऊन जेवायला लागंल सगळ्यांनी," म्हातारा म्हणाला. "पोरीला वरन-भात करा." मग त्यानं बंडीच्या खिशातून साखरेची पुडी काढली. ती तो सकाळपासून घेऊन बसला होता, म्हणजे त्याला लग्न व्हायलाच हवं होतं. पहिली चिमूट नातीच्या तोंडात घातली, दुसरी मुलाच्या. तिसरी माझ्याकडे आणली.

मी हात पुढे केला. हात कोपरापर्यंत लाल होता, चिकट झाला होता. म्हाताऱ्यानं हाताकडे बघितलं.

"आ कर," तो म्हणाला.

मी तोंड उघडलं. त्यानं साखर माझ्या जिभेवर ठेवली आणि लगेच बोटं मागं घेतली.